आनंदाची सक्ती नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कठीण काळातही आनंदी कसे राहावे, या आपल्या रविवार पुरवणीतील लेखावर दोन वाचकांची पत्रे आपण छापलीत. पहिल्या पत्राचा सूर असा, की श्रद्धेतून मिळणारा आनंद म्हणजे मनाची समजूत; सोसवेना झाले की माणूस ती करून घेतो. दुसरे पत्र माझ्याच धर्मबंधूचे होते. त्यांचे म्हणणे, ख्रिस्तावर खरा विश्वास असलेला माणूस दुःखी होतच नाही आणि होत असेल तर त्याने आपला विश्वास तपासून पाहावा. पहिल्या पत्रलेखकावर माझा राग नाही. दुसऱ्यांवर थोडा आहे, आणि तो का, हे सांगायला थोडी जागा लागेल.

मी निवृत्त गणितशिक्षक. माझ्या पत्नीची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत आणि गेली काही वर्षे ती डायलिसिसवर आहे. आठवड्यातून तीनदा, दर खेपेला साधारण चार तास. तिच्या डाव्या हातातली धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने एकमेकींना जोडलेल्या आहेत. त्याला फिस्टुला म्हणतात. त्यावर बोट ठेवले की आत वाहणाऱ्या रक्ताची थरथर लागते. सकाळी उठल्यावर ती पहिल्यांदा ती थरथर तपासते, कारण ती थांबली म्हणजे रक्ताची वाट बुजली. त्या हातावर कोणी रक्तदाब मोजायचा नाही, तो हात उशाला घ्यायचा नाही, त्याने जड काही उचलायचे नाही. दर खेपेला दोन जाड सुया टोचतात. एकीतून रक्त यंत्रात जाते, दुसरीतून शुद्ध होऊन परत येते.

सुयांची सवय होते. तहानेची होत नाही. लघवी जवळजवळ बंद असल्यामुळे प्यालेले पाणी पुढच्या डायलिसिसपर्यंत अंगातच साठते, म्हणून दिवसाचे पाणी मोजून घ्यावे लागते. पाणी जास्त झाले तर पाय सुजतात, धाप लागते. आणि साठलेले पाणी यंत्राने भराभर काढले तर पायांत गोळे येतात, रक्तदाब कोसळतो. उन्हाळ्यात बर्फाचा एक खडा तोंडात धरून ती दुपार काढते. हे सगळे तपशील मुद्दाम लिहिले. संकटाविषयी मोघम बोलले, की त्यावर मोघमच उपाय सुचवले जातात.

आता धर्मबंधूंकडे वळतो. त्यांनी आपल्या म्हणण्याला आधार म्हणून बायबलमधील, येशूचा प्रेषित संत पौल याचे वचन दिले आहे: प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा. वचन खरेच आहे. ते फिलिप्पै या प्राचीन शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पौलाने लिहिलेल्या पत्रात आहे. पण ते पत्र एका बैठकीत, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत त्यांनी वाचले असेल, असे मला वाटत नाही. चारच अध्याय आहेत, वाचायला अर्धा तासही लागत नाही. आनंदाचा उल्लेख त्यात डझनाहून अधिक वेळा येतो, आणि लिहिणारा बंदिवासात आहे. आपण सुटू की मारले जाऊ, हे त्याला माहीत नाही. बाहेर काही प्रचारक केवळ त्याला जाच व्हावा म्हणून चढाओढीने उपदेश करत आहेत, हेही तो लिहितो. इथवर आमच्या प्रवचनांतून ऐकायला मिळते.

पुढचे फारसे ऐकायला मिळत नाही. फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीत नावाच्या माणसाच्या हाती पौलाला मदत पाठवली होती. त्या काळी कैद्याचे पोट बहुधा बाहेरच्या माणसांच्या आधारावरच चाले, त्यामुळे ही मदत म्हणजे नुसता शिष्टाचार नव्हता. तो एपफ्रदीत आजारी पडला, मरणाच्या दारी गेला आणि वाचला. त्याबद्दल पौल काय लिहितो? देवाने त्याच्यावर दया केली आणि माझ्यावरही केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झाले असते. म्हणजे एक दुःख होतेच. त्यावर दुसरे आले नाही, एवढेच. एपफ्रदीत तुमच्याकडे परत पोहोचला की माझी चिंता कमी होईल, असेही तो सांगतो. म्हणजे त्याला चिंता होती. तिसऱ्या अध्यायात काही लोकांविषयी लिहिताना, हे मी रडत सांगतो आहे, असे तो म्हणतो. आणि 'सर्वदा आनंद करा' या ओळीच्या जरा वर मंडळीतल्या दोन स्त्रियांना, एकमेकींशी पटवून घ्या, अशी विनवणी आहे. भांडण, काळजी, आजारपण आणि अश्रू यांच्या ऐन मध्यावर ते वाक्य आले आहे. सगळे निस्तरल्यावर निवांतपणे लिहिलेले ते नाही. आणखी एक गोष्ट. कोणत्याही परिस्थितीत समाधानी राहायला मी शिकलो आहे, असे तो शेवटाकडे म्हणतो. शिकलो. विश्वास ठेवला त्या दिवशी ते आयते हाती आले, असा त्याचा दावा नाही. चाळीस वर्षे वर्गात काढलेल्या माणसाला त्यामुळे जरा धीर येतो.

फिलिप्पैच्या लोकांना हे वाचताना आश्चर्य वाटले नसावे. त्यांच्याच शहरात पौल आणि त्याचा सोबती सीला यांना छड्यांनी मारून आतल्या कोठडीत टाकले होते, पाय खोड्यात अडकवले होते, आणि मध्यरात्रीच्या सुमारास ते दोघे प्रार्थना करत होते, स्तोत्रे गात होते. बाकीचे कैदी ऐकत होते. त्या रात्री भूकंप झाला, आणि तुरुंगाच्या अधिकाऱ्याने पहाटेपूर्वी त्या दोघांच्या जखमा धुतल्या, असे बायबलच्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात लिहिले आहे. पुढे हे पत्र मंडळीत मोठ्याने वाचले गेले तेव्हा ऐकणाऱ्यांत तो अधिकारीही असेल का, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो. असला, तर आनंदाविषयीचा शब्द न् शब्द त्याला पटला असेल. त्या पाठीवरचे वळ त्याने स्वतः धुतले होते.

आमच्याकडे काय घडले ते सांगतो. हिला डायलिसिस सुरू झाल्याला थोडे महिने झाले होते. रक्तदाब सारखा पडत होता, झोप नव्हती, आणि ती वरचेवर रडत असे. मंडळीतले एक गृहस्थ भेटायला आले. भला माणूस, वेळ काढून आलेला. पण त्यांनी हेच सुरू केले. म्हणाले, "वहिनी, विश्वासी माणसाने असं रडू नये. सैतानाला तेवढंच पाहिजे असतं. आनंद करा." मी काही बोलणार होतो, पण हिने खुणेने मला थांबवले. उशाजवळचे पवित्र शास्त्र त्यांच्या हाती दिले आणि म्हणाली, "भाऊ, माझे डोळे दुखतात. मला अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचून दाखवता?"

ते वाचू लागले. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो: बायबलमधील दीडशे स्तोत्रांपैकी बरीच विलापाची आहेत, परंतु बहुतेकांच्या अखेरीस वळण येते आणि गाणारा देवाची स्तुती करू लागतो. अठ्ठ्याऐंशीव्यात ते वळण नाही. मी रात्रंदिवस तुझ्याकडे ओरडतो, तू मला खाचेच्या तळाशी टाकले आहेस, माझे मित्र तू माझ्यापासून दूर केलेस, असे म्हणत म्हणत ते अंधारातच संपते. गृहस्थांनी शेवटची ओळ वाचली, पान उलटले, पुढे एकोणनव्वदावे सुरू झालेले पाहून पुन्हा मागे आले.

"एवढंच?" त्यांनी विचारले.

"एवढंच," ही म्हणाली. "तेही शास्त्रातच आहे ना? मग मला ते म्हणू द्या."

त्यानंतर ते गृहस्थ बराच वेळ बसले आणि एकदाही उपदेश केला नाही. पुढे तेच तिला डायलिसिसला सोडायला येऊ लागले. आजही येतात. त्यांच्यासारखे सोबती आम्हाला फार थोडे मिळाले.

आता कोणी म्हणेल, मग यात आनंद कुठे आला? पहिल्या पत्रलेखकांचाही रोख तोच आहे. त्याचे उत्तर मला युक्तिवादाने देता येणार नाही; घडलेले सांगतो.

आमचे नाव मूत्रपिंडाच्या प्रतीक्षायादीत होते. एका रात्री फोन आला. मेंदू मृत झालेल्या कोणा व्यक्तीच्या घरच्यांनी अवयवदानाला संमती दिली होती, रक्तगट जुळत होता, ताबडतोब निघा. अशा वेळी एकाहून अधिक रुग्णांना बोलावतात, कारण शेवटची चाचणी उरलेली असते. रुग्णाच्या रक्तातला द्रव आणि दात्याच्या पेशी एकत्र करून पाहतात. पूर्वी कधी घेतलेल्या रक्तामुळे किंवा गरोदरपणामुळे रुग्णाच्या शरीरात प्रतिपिंडे तयार झालेली असली, तर ती दात्याच्या पेशींवर तुटून पडतात. मग ते मूत्रपिंड बसवून उपयोग नसतो, शरीर ते लगेच नाकारते. आम्ही रात्रभर बसून होतो. त्या रात्रीइतका आनंद मला आमच्या मुलीच्या जन्मानंतर झाला नव्हता, हे कबूल करतो. मी मनातल्या मनात पाण्याचे पेले मोजत होतो. हिला आता भरभरून पाणी पिता येईल! पहाटे डॉक्टर आले आणि म्हणाले, जुळत नाही. दुसऱ्या रुग्णाला देतो आहोत.

माझा आनंद तिथेच संपला. तो एका चाचणीवर उभा होता, चाचणी गेली, तोही गेला. गाडीत ही बराच वेळ रडली. लपवून नाही, हुंदके देऊन. घराजवळ आल्यावर म्हणाली, "अहो, ज्याला मिळालं त्याचं नाव आपल्याला कधी कळायचं नाही, नाही का?" मी म्हटले, नाही. मग तिने त्या अनोळखी माणसासाठी प्रार्थना केली, शस्त्रक्रिया नीट होऊ दे म्हणून. नंतर दात्याच्या घरच्यांसाठी केली. ते मला सुचलेच नव्हते, की त्याच रात्री कोणाच्या तरी घरी माणूस गेले आहे. तिने मला प्रार्थना करायला सांगितले, पण माझ्या तोंडून शब्द निघेना, इतका मी देवावर चिडलो होतो. ती म्हणाली, "असू दे. तुम्ही नुसते बसा. आज माझीच प्रार्थना दोघांची धरू."

मनाची समजूत काढणारे मन असे वागते का, हे मला पहिल्या पत्रलेखकांना विचारायचे आहे. समजूत सत्यावर पांघरूण घालते. जे झाले ते बऱ्यासाठीच, तुझ्यासाठी याहून चांगले मूत्रपिंड राखून ठेवले असेल, असे काहीतरी ती सांगते. तसे सांगणारेही भेटले. हिने तसे काही म्हटले नाही. झाले ते वाईट झाले, एवढेच तिचे म्हणणे होते. आणि तरीही तिच्यात काहीतरी शाबूत होते, ते दुसऱ्याच्या सुखाला जागा देऊ शकत होते. माझ्यात ते त्या रात्री नव्हते.

मी तिला एकदा सरळ विचारले, की हे तुला जमते कसे. ती फार बोलणारी नाही. म्हणाली, "मला बरं वाटतं तेव्हा देव जवळ आला असं नसतं, आणि वाईट वाटतं तेव्हा तो लांब गेला असंही नसतं. हे एकदा मनात पक्कं झालं ना, की रडायलासुद्धा मोकळीक मिळते."

हे पक्के कशावर झाले? तिच्या स्वभावावर नव्हे. ती मुळात चिंतातुर बाई आहे. ते एका घटनेवर उभे आहे, अशी तिची आणि माझी श्रद्धा आहे. येशू वधस्तंभावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला. अटक होण्याच्या रात्री त्याने शिष्यांना सांगितले, की तुम्ही रडाल, शोक कराल, पण मी तुम्हाला पुन्हा भेटेन आणि तुमचा आनंद कोणी तुमच्यापासून हिरावून घेणार नाही. क्रम पाहा. रडणे आधी सांगितले आहे. आणि सांगणारा स्वतः त्याच रात्री गेथशेमाने बागेत, माझ्या जिवाला मरणप्राय खेद झाला आहे, असे म्हणाला. त्याआधी, मेलेला मित्र लाजर याच्या कबरीपाशी तो रडला होता, तेही थोड्याच वेळात लाजर उठणार हे माहीत असताना. दुःखी होणे हा अविश्वास असेल तर आमच्या धर्मबंधूंनी हे प्रसंग कोणत्या खात्यात टाकायचे ते ठरवावे.

पहिल्या पत्रलेखकांना मी एक गोष्ट मात्र मोकळेपणाने देतो. हे पुनरुत्थान घडलेच नसेल, तर आमचा आनंद पोकळ आहे. हे मी उदारपणे देत नाही, पौलानेच करिंथच्या मंडळीला लिहिताना देऊन टाकले आहे: ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आणि आम्ही सर्व माणसांत लाचार. गणितशिक्षकाच्या भाषेत हे गृहीतक पणाला लावणे झाले. तुम्ही ते मानत नाही, मी मानतो. सिद्धता फळ्यावर लिहून दाखवता येत नाही. पण आम्हाला किंमत ठाऊक नाही, आम्ही डोळे मिटून बसलो आहोत, असे कृपया म्हणू नका.

आपल्या मराठीत याचे मोठे उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. दुष्काळात आईवडील गेले, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये लग्नाला दोन वर्षे होण्याआधीच पती गेले. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर दुःख संपले असे नाही. आयुष्याच्या उतरणीला, १९२१ मध्ये, एकुलती मुलगी मनोरमा त्यांच्या हयातीतच गेली. मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्याचे काम त्यांनी तरीही सोडले नाही, आणि एप्रिल १९२२ मध्ये त्या स्वतः गेल्या. या बाईंना कोणी सदा हसतमुख म्हणून रंगवू नये, त्यांच्या छायाचित्रांतही तसे काही दिसत नाही. जे होते ते हसण्यापेक्षा चिवट होते.

जर्मनीतील ख्रिस्ती पाळक दीट्रिख बोनहोफर यांनीही नाझींच्या तुरुंगातून, १९४३ च्या नाताळच्या आदल्या दिवशी, जवळच्या माणसांना लिहिले होते, की प्रिय माणसाच्या नसण्याने पडलेली पोकळी कशानेही भरत नाही आणि ती भरण्याचा प्रयत्नही करू नये. देव ती भरतो असे म्हणणे चूक आहे, तो ती रिकामीच ठेवतो. एप्रिल १९४५ मध्ये त्यांना फाशी झाली. आमच्या व्यासपीठांवरून हे वाक्य वर्षातून एकदा तरी वाचले जावे असे मला वाटते, विशेषतः अंत्यविधीच्या भाषणांआधी.

एक गोष्ट राहिली, आणि ती मंडळीत उघड बोलली जात नाही. दीर्घ आजारात मन खचणे हा कधी कधी वेगळा आजारच असतो, आणि डायलिसिसच्या रुग्णांत तो पुष्कळदा आढळतो. हिलाही झाला होता. डॉक्टरांनी ओळखले, गोळ्या दिल्या, काही काळाने उतार पडला. तेव्हा एकीने विचारले, की प्रार्थना पुरली नाही का? रक्त शुद्ध करायला यंत्र लागते तेव्हा हा प्रश्न कोणी विचारत नाही. मनाला औषध लागले की मात्र विश्वासाचे मोजमाप सुरू होते. घरात कोणी असे खचलेले असेल तर आधी डॉक्टरांकडे न्या. सोबत प्रार्थनाही करा, ती आम्हीही केलीच.

हल्ली तिच्या शेजारच्या खाटेवर एक शाळकरी मुलगा असतो. परीक्षा तोंडावर आलेली आणि आठवड्यातले तीन दिवस यंत्राला बांधलेले. हिने त्याच्याशी बोलून काढून घेतले, की त्याला त्रिकोणमिती अजिबात कळत नाही. घरी आल्यावर मला फर्मान सुटले: बाहेरच्या बाकावर वर्तमानपत्र वाचत बसता ते पुरे, उद्यापासून आत यायचे. परिचारिकांची परवानगीही तिनेच मिळवली. आता मी दोन खाटांच्या मध्ये स्टुलावर बसतो आणि साइन-कोसाइन शिकवतो. मुलाच्या एका हाताला सुया असल्यामुळे वही मला धरावी लागते. मध्येच यंत्राचा गजर वाजतो, परिचारिका येऊन नळी नीट करते, आम्ही पुढच्या उदाहरणाकडे वळतो. ही पडल्या पडल्या ऐकते आणि माझ्या चुका काढते. तिचे स्वतःचे गणित कच्चे आहे, पण त्याने तिला कधी अडवलेले नाही. परवा पायात गोळा आला, कळवळली, तो उतरल्यावर मुलाला म्हणाली, "हं, उत्तर आलं का?"

माझ्या धर्मबंधूंना माझी विनंती एवढीच, की रोमच्या मंडळीला लिहिताना पौलाने आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा आणि रडणाऱ्यांबरोबर रडा, हे दोन्ही एकाच वचनात सांगितले आहे. त्यातले अर्धे गाळू नये. आजाऱ्याला भेटायला जाल तेव्हा वचन सांगण्याआधी, डॉक्टरकडे कधी जायचे आहे आणि सोबत कोण आहे, ते विचारा. कोणी नसेल तर स्वतः जा. चार तास बसायची तयारी ठेवा, आणि ती बोलली नाही तर तुम्हीही बोलू नका. आनंदाचे ती पाहून घेईल.

पत्र लांबले आहे, याची कल्पना आहे. जागेअभावी कापावे लागले तर गणितशिक्षकाचे युक्तिवाद खुशाल कापा. स्तोत्राचा प्रसंग तेवढा ठेवा. पत्नीने हे पत्र वाचले आहे आणि तिची तेवढीच अट आहे. तिच्या आजाराचा उल्लेख असल्याने नाव छापू नये, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त गणितशिक्षक